सहलीआधी घरच्यांची उंची मोजा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सुट्टी जवळ आली की या स्तंभाकडे थीम पार्क आणि वॉटर पार्क यांविषयीची पत्रे येऊ लागतात. त्यांतली निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा वरचेवर बदलत असल्यामुळे ते निघण्यापूर्वी त्या-त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावेत; उत्तरांत मी त्यांचे आकडे दिलेले नाहीत.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस काढून खोपोलीच्या इमॅजिकाला जावे, असे आमच्या मनात आहे. घरात आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. एवढा खर्च करून निम्मी माणसे बाकावर बसून राहतील का, अशी भीती वाटते. – एक वाचिका, सातारा

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि ती तिकिटे काढण्यापूर्वी मनात आली, हे फार बरे झाले. अशा सहलीची आखणी बहुतेक घरांत उद्यानाची जाहिरात पाहून सुरू होते. ती घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत लवकर थकणाऱ्या माणसापासून सुरू करावी, असे मी आग्रहाने सांगेन. आज संध्याकाळीच दोन्ही मुलांना अनवाणी भिंतीला टेकवून उभे करा, त्यांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा आणि लिहून ठेवा. जन्माच्या वेळी साधारण ५० सेंटिमीटर असलेले मूल चार वर्षांचे होईपर्यंत १०० च्या आसपास पोहोचते आणि वेगवान रोलर कोस्टरची किमान उंची सहसा याहून पुष्कळ जास्त असते. त्यामुळे धाकट्याला तेथे प्रवेश मिळणार नाही हे आजच गृहीत धरा आणि त्यालाही आजच समजावून सांगा. काही वर्षांपूर्वी भाच्याला घेऊन मी अशाच एका उद्यानात गेले होते. तासभर रांगेत उभे राहिल्यावर दाराशी लावलेल्या पट्टीजवळ तो दोन बोटे कमी भरला आणि पुढचा सगळा दिवस त्याचे कशातच मन लागले नाही. घरी टेप हातात घेतली असती, तर त्याचे ते रडणे टळले असते.

ही अट वयाची नसून उंचीची असते, त्याला कारण आहे. रोलर कोस्टरमध्ये माणसाला जागेवर धरून ठेवणारा दांडा मांड्यांवर किंवा खांद्यांवरून छातीवर येऊन बसतो. तो ठरावीक मापाच्या शरीरासाठी घडवलेला असतो; लहान अंगाचे मूल त्याच्याखाली सैल राहते आणि गाडी उतारावर झेपावताना शरीर आसनापासून वर उचलले जाते तेव्हा ते त्यातून सरकू शकते. म्हणून मुलाला जाड तळव्याचे बूट घालून उंची वाढवू नका आणि दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने नाही म्हटले, तर त्याच्याशी वाद घालू नका. तो मुलाच्या जिवाची काळजी घेत असतो.

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या वर्षी त्याला लागूनच वॉटर पार्क उघडले. आपल्या घरची मंडळी पाहता या खेपेला केवळ थीम पार्कच घ्यावे, असे माझे मत आहे. दोन्ही एका दिवसात उरकायला गेलात तर कोणतेच धड होत नाही. ‘निट्रो’सारख्या, पायांखाली फळी नसलेल्या आणि उलट्या फिरणाऱ्या कोस्टरवर आपण दोघांनी आळीपाळीने जावे आणि एकाने धाकट्याजवळ थांबावे. मुलीची उंची बसत असेल तरी तिला विचारल्याशिवाय बसवू नये. अकराव्या वर्षी ‘मला भीती वाटते’ असे म्हणायला मुलांना संकोच वाटतो, म्हणून रांगेत शिरण्यापूर्वी समोर उभे राहून दोन फेऱ्या तिला पाहू द्याव्यात. ‘राजासॉरस’ या नावाची पाण्यातली सफर तिथे आहे. मुलांना जाता जाता आवर्जून सांगा, की हा डायनोसॉर काल्पनिक नाही. त्याचे जीवाश्म गुजरातेत रहियोली येथे सापडले आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नर्मदेवरून ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे नाव दिले.

रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गरोदरपण या अवस्थांत वेगाच्या राईड सर्वत्र वर्ज्य असतात. त्याबाबत सासऱ्यांनी भिडेला पडू नये. सासूबाईंची खरी अडचण मात्र राईडपेक्षा चालण्याची असेल. अशा उद्यानात दिवसभरात कित्येक किलोमीटर चालणे होते, आणि होडी किंवा डबा यांत बसताना खोल पाऊल टाकावे लागते. चाकाची खुर्ची मिळते का, हे आधी फोन करून विचारा आणि ती घेण्यात कमीपणा मानू नका, असे त्यांना आपणच सांगा.

दोन दिवसांचा क्रम मी उलटा सुचवते. साताऱ्याहून निघून घाट उतरेपर्यंत दुपार होते, तेव्हा पहिल्या दिवशी उद्यानात शिरणे म्हणजे अर्धे तिकीट वाया घालवणे होय. त्या दिवशी खोपोलीजवळच्या महडचा वरदविनायक आणि खोपोली-पाली रस्त्याने पुढे जाऊन पालीचा बल्लाळेश्वर असे अष्टविनायकांपैकी दोन गणपती करा. सासू-सासऱ्यांची सहल तेथे मनासारखी होईल आणि दुसऱ्या दिवशी नातवंडांबरोबर बाकावर बसण्याचे त्यांना काही वाटणार नाही. मुक्काम खोपोलीच्या आसपास करून दुसऱ्या दिवशी दार उघडतानाच आत जा, सर्वांत मोठी रांग लागणारी राईड सर्वांत आधी घ्या आणि जेवण बाराच्या आत उरका. भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार टाळता आला, तर अवश्य टाळा. परतीला रात्री घाट चढायचा असेल, तर गाडी चालवणाऱ्याने संध्याकाळी पाचनंतर उद्यानात थांबू नये.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला प्रथमच वॉटर पार्कला नेणार आहोत. त्याला पोहता येत नाही. कोणती काळजी घ्यावी? तसेच तेथे नायलॉनचा पोशाख सक्तीचा असतो असे कळले. पत्नीला तसे कपडे घालण्याचा संकोच आहे. साधा पंजाबी ड्रेस चालणार नाही का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पोशाखाचे आधी सांगते. सुती कपडा पाणी शोषून जड होतो. ओढणी, नाडी किंवा साडीचा काठ घसरगुंडीच्या सांध्यात अडकू शकतो आणि सुटलेले धागे पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत जातात. त्यामुळे ही सक्ती योग्य आहे. परंतु नायलॉन म्हणजे तोकडे कपडे, असे मुळीच नाही. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख क्रीडासाहित्याच्या दुकानांत सहज मिळतो, अनेक ठिकाणी भाड्यानेही मिळतो, आणि तो घातलेल्या स्त्रिया आता सर्वत्र दिसतात. घरून नेलात तर मापाचा आणि स्वच्छ मिळेल. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरीच ठेवाव्यात. घसरगुंडीवर त्यांनी दुसऱ्याला किंवा स्वतःला इजा होते, आणि पाण्यात पडलेला दागिना सापडणे फार कठीण.

आता मुलाविषयी. बुडणारे मूल ओरडते आणि हात हलवते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात श्वास घेण्यासाठी धडपडणाऱ्या मुलाला आवाज काढता येत नाही, आणि ते मोठ्यांच्या डोळ्यांसमोर, गर्दीत, मिनिटाभरात पाण्याखाली जाऊ शकते. म्हणून जीवरक्षक नेमलेले असले, तरी आपल्यापैकी एकजण सतत मुलापासून हाताच्या अंतरावर असला पाहिजे, आणि त्या वेळी त्याच्या हातात मोबाइल असता कामा नये. ‘तू बघ’, ‘मला वाटले तू बघतोयस’ अशा गोंधळातच अपघात होतात. त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या तोंडाने बोलून ठरवा. दंडात घालायचे हवेचे फुगे हे खेळणे आहे. ते निसटतात, फुटतात आणि पालकांना खोटा दिलासा देतात. मापाचे, पट्टे आवळलेले लाइफ जॅकेट मागून घ्या.

लाटांचा तलाव मुलांना सर्वांत आवडतो आणि सर्वांत जास्त लक्ष तेथेच लागते. तो काठाशी उथळ असतो आणि पुढे खोल होत जातो. लाटा थांबून थांबून सोडल्या जातात, आणि लाट सुरू झाली की कमरेएवढ्या पाण्यातले मूल क्षणात गळ्याएवढ्या पाण्यात येते. मुलाला गुडघाभर पाण्याच्या पुढे नेऊ नका. घसरगुंडीवर पुढचा माणूस खालच्या कुंडातून बाहेर पडल्याशिवाय निघायचे नाही आणि डोके पुढे करून उताणे-पालथे व्हायचे नाही, हे दोन नियम घरीच शिकवा. ओठ निळसर दिसू लागले किंवा दात वाजू लागले की मूल कितीही विनवण्या करो, त्याला बाहेर काढून कोरडे करावे.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून सांगते. मुलाला आदल्या दिवशी जुलाब झाले असतील, तर सहल पुढे ढकला. जुलाबांतून पसरणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीन घातलेल्या पाण्यातही काही दिवस जिवंत राहतो आणि एका मुलामुळे तलावातली कितीतरी मुले आजारी पडतात. आपल्या मुलालाही ‘पाणी गिळायचे नाही’ असे पुनःपुन्हा बजावा.

प्रश्न : लहानपणी आम्ही गोराईच्या एस्सेल वर्ल्डला गेलो होतो. आता आमच्या मुलांना ते दाखवावे, अशी इच्छा आहे. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वाईट वाटते, पण १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. मार्वे किंवा गोराईच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडण्याचा जो आनंद आपल्याला आठवत असेल, तो मात्र मुलांना आजही देता येईल. पलीकडे ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या या वास्तूच्या प्रचंड दगडी घुमटाला आतून एकही खांब नाही. तेथे शांतता पाळावी लागते, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.

प्रश्न : आमच्या मुलीला गाडी लागते. शाळेच्या सहलीत एका राईडनंतर तिला उलट्या झाल्या. ती राईड तर जागेवरून हललीही नव्हती! मग असे का व्हावे? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : ती बहुधा सिम्युलेटर या प्रकारातली राईड असावी. तीत आसने जागच्या जागी हलतात आणि समोरच्या पडद्यावर मात्र आपण दऱ्याखोऱ्यांतून वेगाने जात आहोत, असे दिसते. डोळे एक सांगतात आणि शरीराचा तोल सांभाळणारा आतला कान दुसरेच सांगतो. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. गाडीत पुस्तक वाचताना जे होते, त्याची ही उलटी बाजू आहे. मळमळ सुरू होताच डोळे मिटून डोके मागे टेकवावे किंवा पडद्यावरची नजर काढून शेजारच्या खुर्चीच्या कडेकडे पाहावे. गोल गोल फिरणाऱ्या राईड अशा मुलांना सर्वांत जास्त बाधतात, तर उघड्यावरच्या, पुढे पाहता येणाऱ्या छोट्या कोस्टर पुष्कळदा मुळीच बाधत नाहीत. तेव्हा सर्वच राईड तिला बंद करू नका. सकाळी तेलकट-तिखट न्याहारी देऊ नये, पण उपाशीही ठेवू नये. मऊ भात किंवा इडली पुरे. औषध द्यायचे असल्यास ते मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

प्रश्न : माझे आईबाबा तासगावहून आमच्याकडे मे ते ऑक्टोबर राहायला येणार आहेत. बाबांनी आयुष्यभर द्राक्षबाग केली आहे. आमची मुलगी ऑगस्टमध्ये अडीच वर्षांची होईल. सर्वांना घेऊन जुलैमध्ये ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जावे असे आम्ही ठरवत आहोत. आईबाबांना तेथे करमेल का? – एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : करमेल, पण जुलैचा बेत कृपया बदला. जुलैमध्ये शाळांना सुट्टी असल्याने गर्दी असते, ऊन दमट आणि कडक असते, आणि दुपारी वारंवार विजांसह पाऊस येतो. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राईड थांबवतात. आपल्याला शाळेचे बंधन नाही, तेव्हा सप्टेंबरमधल्या लेबर डेच्या सुट्टीनंतरचा किंवा ऑक्टोबरच्या आरंभीचा आठवडा पाहा. मात्र सप्टेंबर हा तिकडच्या चक्रीवादळांचा ऐन काळ असल्याने विमान आणि खोली यांचे आरक्षण रद्द करता येण्याजोगेच करा. तीन वर्षांखालील मुलांना डिस्ने वर्ल्डमध्ये तिकीट लागत नाही, म्हणून नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाआधी जाण्यात लाभही आहे.

तेथे चार वेगवेगळी थीम पार्क आहेत. १९७१ मध्ये सुरू झालेले मॅजिक किंग्डम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चे ॲनिमल किंग्डम. चारही पाहण्याचा हट्ट सोडा. आपल्या घरासाठी मी मॅजिक किंग्डम, एपकॉट आणि ॲनिमल किंग्डम ही तीन निवडेन आणि मध्ये एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवीन.

बाबांसाठी एपकॉट चुकवू नका. तेथे ‘लिव्हिंग विथ द लँड’ नावाची होडीची संथ सफर आहे, तिला उंचीची अट नाही. होडी काही देखाव्यांतून पुढे सरकते आणि मग खऱ्या हरितगृहांत शिरते. मातीवाचून वाढवलेल्या भाज्या, हवेत लोंबणाऱ्या मुळांना पाण्याचा फवारा देणारी रचना, वेलींना दिलेला आधार, माशांची पैदास हे सर्व हाताच्या अंतरावरून दिसते. ज्या माणसाने मांडव, ठिबक आणि छाटणी यांत आयुष्य घातले आहे, त्याला येथे दाखवण्यासारखे आणि आपल्याला सांगण्यासारखे पुष्कळ सापडेल. शक्य झाले तर दोनदा बसा आणि दुसऱ्या फेरीत बाबांना बोलू द्या. नात मोठी झाल्यावर तिला दाखवायला ते बोलणे मोबाइलवर टिपून ठेवा. ॲनिमल किंग्डममधली उघड्या गाडीतली सफारी आणि ‘महाराजा जंगल ट्रेक’ ही वाघ दाखवणारी पायवाट आईला आवडेल; त्या पायवाटेवरचे पडके महाल आपल्याकडच्या वास्तूंच्या धर्तीवर रचलेले आहेत. मॅजिक किंग्डममध्ये बाष्प इंजिनाची खरी आगगाडी आहे, आणि ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या होडीत आजीच्या मांडीजवळ बसून अडीच वर्षांची मुलगीही जाऊ शकते.

आपल्याला दोघांना मोठ्या कोस्टरवर बसायचे असेल, तर ‘रायडर स्विच’ मागा. एकजण मुलीजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, आणि मग थांबलेल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. पोळ्या, दशम्या, लाडू असे घरचे खाणे आत नेता येते. काचेचे डबे-बाटल्या आणि मद्य चालत नाही, आणि आणलेले अन्न तेथे गरम करून मिळत नाही. एपकॉटमध्ये तळ्याभोवतीचा अकरा देशांचा वळसाच सुमारे २ किलोमीटरचा आहे, म्हणून आईबाबांसाठी चाकाची खुर्ची दारातच भाड्याने घ्या. सकाळी लवकर जा, दुपारी खोलीवर येऊन झोप काढा आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा जा. विमान तीन तासांचे असले, तरी पोहोचल्याच्या दिवशी पार्कचे तिकीट काढू नका.

प्रश्न : मोठ्या थीम पार्कची तिकिटे आम्हा पाच जणांना परवडणारी नाहीत. मुलांना तर काहीतरी दाखवायचे आहे. जवळपास काय पाहता येईल? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्यापासून अगदी जवळ, पुणे-बंगळूर महामार्गालगत कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. ते मुलांना एखाद्या थीम पार्कइतकेच रमवते, असा माझा अनुभव आहे. मोकळ्या जागेत माणसांच्या आकाराचे पुतळे करून जुने गाव उभे केले आहे. सुतार, लोहार, कुंभार, परीट असे बलुतेदार आपापल्या कामात गढलेले दिसतात, बैलगाडी आहे, विहीर आहे, अंगणातले स्त्रियांचे काम आहे. येथे आजी-आजोबांना बरोबर नेले नाही, तर अर्धी सहल वाया गेली असे समजावे. मोट कशी चालते, जात्यावर दोघींनी कसे बसायचे, हे पाटी वाचून कळत नाही. ते ज्यांनी केले आहे त्यांच्याच तोंडून कळते. दुपारचे ऊन टाळून सकाळी जा आणि तीन-चार तास हाताशी ठेवा.

एक दिवस अधिक काढता आला, तर पुण्याला जा. आंबेगाव बुद्रुक येथील शिवसृष्टीत ‘सरकारवाडा’ हा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला आणि तेथून जवळच कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. दोन्ही एका दिवसात होतात. सकाळी प्राणी पाहावेत, कारण उन्हात ते सावलीला जाऊन बसतात आणि मुलांना नुसती झाडे दिसतात, तर दुपार शिवसृष्टीच्या छपराखाली काढावी. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, तेव्हा तेवढा वार सोडून निघा.